ज्ञानकोशांतील बाळापूर

एखाद्या ज्ञानकोशाची परीक्षा करावयाची असल्यास त्यांतील शिवाजीमहाराजांवरील किंवा पुणें शहरावरील नोंद वाचूं नये. अशा नोंदींवर शेंकडों डोळे खिळलेले असतात; चूक पडली तर ती दुसरेच दिवशीं कोणीतरी दाखवितो, आणि न दाखविली तरी ताडून पाहण्यास वाचकाच्या घरांत दुसरीं चार पुस्तकें असतात. कोशाचा खरा स्वभाव कळतो तो जिकडे सहसा कोणी फिरकत नाहीं अशा नोंदींवरून. तालुक्याचें एखादें गांव, एखादा किल्ला, इतिहासांत एकदांच डोकावून गेलेला एखादा सरदार, यांवर लिहिणारा बहुधा एकटा असतो. त्याच्या पुढ्यांत जुनें गॅझेटियर उघडें असतें. त्यांतून काय घ्यावें, काय टाकावें आणि घेतलें तें खरें कीं खोटें हें पाहण्याचे कष्ट करावे कीं न करावे, हा सर्वस्वीं त्याच्या विवेकाचा भाग असतो. असें एक गांव म्हणून आम्हीं अकोला जिल्ह्यांतील बाळापूर घेतलें. हल्लीं महाजालावर जो कोश सुशिक्षित घरांतून रोज उघडला जातो त्यांत, आणि त्याच्या आधारानें किंवा त्याला आधार म्हणून फिरणाऱ्या पर्यटनाच्या मजकुरांत, या गांवाविषयीं जें लिहिलेलें आढळतें त्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

मराठींतील कोशवाङ्मयाची परंपरा मोठी आहे आणि तिचा एक धागा वऱ्हाडांतूनच निघतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें शालेय शिक्षण उमरावतीस झालें, व त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संसार प्रथम मांडला गेला तो नागपुरास. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं तेवीस खंड पुरे केले. पैकीं पहिले पांच केवळ प्रस्तावनेचे. प्रस्तावनेलाच पांच खंड देणारा कोशकार पुन्हा होईल असें वाटत नाहीं. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनीं १९३२, १९३७ व १९४६ या सालीं प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश दिले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखालीं वाईस विश्वकोश सुरू झाला, व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडिया अवतरला आणि कोशाचा कारखाना घरोघर निघाला. आज त्याच्या लेखांची संख्या लाखाच्या घरांत आहे.

या नव्या कोशाचा एक विशेष असा आहे कीं, त्यांत व्यक्ति आणि स्थळ यांच्यामधील भिंत राहिलेली नाहीं. छापील कोशांत औरंगजेबाच्या मुलाची हकीकत एका खंडांत आणि त्यानें बांधल्याचें म्हणतात त्या किल्ल्याची हकीकत दुसऱ्याच खंडांत, व दोहोंच्या प्रकाशनांत कधीं कधीं वर्षांचें अंतर. दोन्ही एकत्र मांडून पाहण्यास वाचकाला कपाटापर्यंत उठून जावें लागे, आणि वाचक सहसा उठत नसे. आतां नांवावर बोट ठेवतांच स्थळावरून मनुष्यापर्यंत निमिषांत जातां येतें. ही सोय ज्या दिवशीं हातीं आली त्या दिवशीं कोशकाराची एक जुनी सबब संपली. दोन नोंदी एकमेकींस खोटें पाडीत असतील, तर तें आतां कोणासही दिसण्यासारखें आहे.

आणि बाळापूरच्या बाबतींत त्या खरोखरच एकमेकींस खोटें पाडतात.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, त्यांच्या मधल्या उंचवट्यावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. नोंदींतील या किल्ल्याचें वर्णन चांगलें आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. एकांत एक असे तीन दरवाजे, आंतला कोट पंचकोनी व त्याच्या प्रत्येक कोनावर बुरूज, त्याच्या बाहेरचा ठेंगणा कोट दशकोनी, सर्व काम उत्तम विटांचें, आणि भर पावसाळ्यांत एक वाट सोडली तर चहूंकडून पाणी. हें वाचतांना किल्ला डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्यानें हें मूळ लिहिलें त्यानें तटाच्या कडेनें चालून पाहिलें होतें, हें वाक्यावाक्यांतून जाणवतें. परंतु त्याच वर्णनाच्या डोक्यावर एक वाक्य बसलेलें असतें, तें असें कीं, औरंगजेबाचा मुलगा मिर्झा आझमशहा यानें १७२१ सालीं या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला आणि एलिचपूरचा नबाब इस्माइलखान यानें १७५७ सालीं तें पुरें केलें.

हा आझमशहा कोण? बऱ्हाणपुरास १६५३ सालीं जन्मलेला औरंगजेबाचा हा पुत्र मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. १७०७ च्या मार्चमध्यें बाप वारल्यावर त्यानें स्वतःच्या नांवानें द्वाही फिरविली, तो उत्तरेकडे निघाला, आणि वाटेंत मे महिन्यांत भोपाळजवळ दोराह्यास शाहूची सुटका झाली. शाळेंतल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट आहे. त्याच वर्षीं जून महिन्यांत आग्र्याजवळ जाजाऊच्या रणांत तो भाऊ मुअज्जमाशीं लढतांना पडला. म्हणजे किल्ल्याचा पाया घालण्यापूर्वीं चौदा वर्षें पाया घालणारा मृत्यु पावलेला होता! आझमशहाच्या लेखांत १७०७, किल्ल्याच्या लेखांत १७२१, आणि दोहोंमध्यें बोटाच्या एका दाबाचें अंतर. असें असून हें वाक्य एका लेखांतून दुसऱ्या लेखांत, तेथून सहलीच्या पुस्तिकेंत, तेथून वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणींत निर्वेधपणें जात राहिलें. उतरून घेणाऱ्या इतक्या जणांपैकीं एकासही वजाबाकी सुचूं नये, याचें नवल वाटतें.

चूक उत्पन्न कशी झाली असावी, याचा तर्क करणें कठीण नाहीं. दक्षिणेंत वावरलेल्या या शहाजाद्याचें बाळापुराशीं नांव जोडणारी आख्यायिका जुनी आहे. त्याच्या वेळीं येथें एखादी गढी उभी राहिली असेल. तसें असण्यास अडचण कांहींच नाहीं. पुढें अर्धशतकानें आजचा विटांचा किल्ला झाला, व त्याच्या पूर्ततेचें १७५७ हें साल दरवाजावरील लेखाच्या आधारें सांगतात. गढी एक, किल्ला दुसरा, त्यांचे कर्ते निराळे. मागाहून कोणीतरी त्यांची गांठ मारून एका वाक्यांत एकाच इमारतीचा आरंभ व शेवट करून टाकला. परंतु हा झाला चुकीचा जन्म. ती इतकीं वर्षें जगली कशी, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या मतें ती जगली याचें कारण किल्ल्याला बादशहाच्या घराण्यांतलें नांव हवें होतें. इस्माइलखानाचें नांव बाहेर कोणास ठाऊक नाहीं. त्याच्या एकट्याच्या जोरावर किल्ला ‘उल्लेखनीय’ कसा ठरणार? शहाजादा आला कीं काम झालें. मग तो जिवंत होता कीं नव्हता, ही चौकशी कोण करतो?

हीच मोठ्या नांवाची हांव गांवाबाहेरच्या छत्रीच्या बाबतींत दिसून येते. काळ्या दगडाची, पंचवीस फूट चौरस व तेहतीस फूट उंच अशी ही देखणी छत्री मिर्झाराजे जयसिंगानें बांधली, असें सांगतात. या वाक्याजवळ वाचकाच्या मनांत निदान दोन प्रश्न उभे राहावयास पाहिजेत. रजपुतांच्या रिवाजांत छत्री ही मृताच्या स्मरणार्थ उभारतात. मग ही कोणाच्या स्मरणार्थ? पुरंदरच्या तहाचा हा सेनानी १६६७ च्या ऑगस्टमध्यें बऱ्हाणपुरास वारला, आणि तापीच्या कांठीं बऱ्हाणपुराजवळही एक ‘राजाकी छत्री’ त्याच्याच नांवानें दाखवितात. एकाच राजाच्या नांवाच्या दोन छत्र्या, एक त्यानें बांधलेली व दुसरी त्याच्यासाठीं बांधलेली, यांचा परस्परसंबंध काय? दुसरा प्रश्न असा कीं, आंबेरच्या गादीवर जयसिंग दोन झाले, आणि दोघेही दक्षिणेंत आले होते. धाकटा, ज्याला आपण जयपूरचा संस्थापक सवाई जयसिंग म्हणतो, तो कोवळ्या वयांत औरंगजेबाच्या सैन्याबरोबर खेळण्याच्या वेढ्यास हजर होता. नुसत्या ‘राजा जयसिंग’ या नांवावरून थोरला घ्यावयाचा कीं धाकटा, याचा निर्णय दगडाच्या घडणीवरून अगर एखाद्या कागदावरून व्हावा. शिवचरित्रांतला जयसिंग आमच्या परिचयाचा अधिक, म्हणून छत्री त्याची, हें कांहीं प्रमाण नव्हे. थोरल्याची ती नाहींच असा आमचा आग्रह नाहीं, असेलही. पण ‘असे मानले जाते’ एवढ्या तीन शब्दांत जबाबदारी झटकून पुढें जाण्याची जी लकब या नोंदींना जडली आहे, ती कोशाला शोभत नाहीं. कोण मानतो, केव्हांपासून मानतो आणि कशावरून, हें सांगणें हेंच तर कोशाचें काम.

(नांवांच्या घोटाळ्यांत बाळापूर स्वतःही सांपडण्यासारखें आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकांतील जहागिरीच्या संबंधानें जें बाळापूर येतें तें बंगळुराजवळचें; चांदा जिल्ह्यांत तळोधी-बाळापूर आहे; शिवाय बल्लारपूर आहेच. मराठी कागदपत्रांतून ‘बाळापूर’ वेंचून नोंद सजविणाऱ्यानें प्रत्येक वेळीं दोनदां पाहावें.)

आतां ज्या मनुष्यांनीं येथें काय केलें हें खात्रीनें सांगतां येतें त्यांकडे वळूं. बाळापूर ही मोंगलांची वऱ्हाडांतील एक मुख्य छावणी होती. बऱ्हाणपुराहून दक्षिणेंत उतरणाऱ्या फौजांची वाट येथून जात असे. अकबराच्या वेळीं ऐन-इ-अकबरींत नरनाळा सरकारांतील परगणा म्हणून त्याची नोंद झाली आहे, आणि अबुल फजलासारख्या राजकारणी लेखकानें ती करतांना येथील नद्यांच्या कांठीं सांपडणाऱ्या रंगीबेरंगी गोट्यांची हकीकत द्यावयास तो विसरला नाहीं. त्या उचलून, घांसून लोक शोभेसाठीं ठेवीत. बाळापुरापासून सहा कोसांवर शहाजादा मुराद यानें शहापूर वसविलें. तो १५९९ सालीं दक्षिणेंतच वारला, आणि शहरही त्याच्यामागें फार दिवस टिकलें नाहीं. १६१६ सालीं मलिकंबरावर चालून गेलेला शहानवाजखान, म्हणजे दोहेकार रहीम खानखानानाचा मुलगा, येथूनच निघाला होता.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट १७२० च्या ऑगस्टमधली. बाळापूरचें नांव हिंदुस्थानच्या इतिहासांत ज्या एका कारणासाठीं राहावयाचें तें हेंच. दिल्लींत सय्यदबंधूंची सत्ता शिगेस पोंचलेली. निजामुल्मुल्क माळव्यांतून नर्मदा उतरून आला, त्यानें अशीरगड व बऱ्हाणपूर घेतलें, जून महिन्यांत दिलावरअल्लीचा निकाल लावला, आणि औरंगाबादेहून त्याच्यावर चालून आलेला सय्यदांचा कोवळा पुतण्या आलमअल्लीखान याच्याशीं त्याची गांठ बाळापूरजवळ पडली. ऐन पावसाळा, पूर्णेचा पूर, वऱ्हाडची काळी भुई; माणसें व जनावरें चिखलांत रुतलेलीं. आलमअल्लीच्या बाजूनें शाहूचे मराठे होते व ते निजामाची रसद तोडीत फिरत होते. बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळून तेव्हां चारच महिने झाले होते. लढाईंत आलमअल्ली पडला. आणि ज्याच्या मध्यस्थीनें सय्यद व मराठे यांचा सलोखा जमून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांपर्यंत मजल गेली, तो शंकराजी मल्हार जखमी होऊन शत्रूच्या हातीं लागला. या जयानें निजामाचा दक्षिणेंत पाय रोवला गेला. चार वर्षांनीं, १७२४ सालीं, याच वऱ्हाडांत साखरखेर्ड्यास मुबारिजखानाचा पाडाव करून तो स्वतंत्र झाल्यासारखाच झाला, व १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या राज्याचा पाया पडला. मराठ्यांचा पुढचा दीडशें मैलांचा शेजारी आणि शंभर वर्षांचा शत्रु कोठें जन्मला, असें कोणी विचारलें तर ‘बाळापूरच्या चिखलांत’ असें उत्तर देतां येईल.

अशा लढाईला गांवाच्या नोंदीनें किती जागा द्यावी? छत्रीची लांबीरुंदी जितक्या अगत्यानें दिलेली असते तितक्या अगत्यानें तरी ही लढाई सांगितली पाहिजे. निजामाच्या चरित्रांत बाळापूर हें एक ठिकाण म्हणून येतें, आणि बाळापूरच्या वर्णनांत निजाम आला तर ओझरता येतो. येथें व्यक्ति आणि स्थळ यांची खरी भेट झाली होती, पण कोशांत ती होत नाहीं; आणि जेथें भेट होणें शक्यच नव्हतें तेथें मेलेल्या शहाजाद्याच्या हातून पाया घातला जातो! शिवाय १७२१ हें साल लढाईनंतरचें लगतचें साल आहे, हें लक्षांत घेतलें तर एक विचारण्याजोगा प्रश्न निघतो. ठाणें ताब्यांत आल्यावर निजामाच्या माणसांनीं येथें कांहीं मजबुती आरंभिली, आणि तेंच साल पुढें भलत्याच धन्याच्या नांवावर जमा झालें, असें तर नसेल? हा केवळ तर्क आहे. पण शहाजाद्याचें नांव दूर सारतांच असा तर्क करण्यास मोकळीक तरी होते.

एक गोष्ट आणखी. वर आलेले सगळे, मुराद, शहानवाज, आझम, जयसिंग, निजाम, हे बाळापुरावरून गेलेले लोक आहेत. बाळापुरांत राहिलेल्यांचें काय? गांवाला नांव देणारी बाळादेवी किल्ल्याच्या पायथ्याशीं आहे, आणि तिचें देऊळ किल्ल्याहून जुन्या स्मृतीचें आहे. सतराव्या शतकांत शाह इनायतुल्ला यांनीं येथें नक्शबंदी पंथाची खानकाह वाढविली. अठराव्या शतकांत औरंगाबादेस नांवाजलेले विद्वान मीर कमरुद्दीन हे याच घराण्यांतले. त्यांच्याविषयीं लिहिलेलें पुष्कळ आहे, पण तें फारशी व उर्दू भाषांत आहे, आणि आमच्या कोशकारांचें दप्तर बहुधा मोडी, मराठी व इंग्रजी यांपुढें जात नाहीं. उल्लेखनीयता ठरवावयाची ती छापील आधारांवरून, असा महाजालावरील कोशाचा नियम आहे. नियम म्हणून तो योग्यच. नाहींतर प्रत्येकजण आपल्या आजोबांवर नोंद लिहील. पण आधार जर अशा भाषेंत असेल कीं जी नोंद लिहिणाऱ्यास येत नाहीं, तर मनुष्य उल्लेखनीय असूनही अनुल्लेखित राहतो, आणि दोष नियमाचा नसून आमच्या अडाणीपणाचा असतो.

बाळापूरला हातकागद करणारे कारागीर होते, सतरंज्या विणणारे होते. ज्या गांवानें दुसऱ्यांच्या दप्तरांना कागद पुरविला त्या गांवाच्या स्वतःच्या दप्तरांत या कारागिरांचें नांव नसावें, याला इलाज नाहीं. अशीं नांवें कोठेंच राहत नाहींत. पण धंदा राहतो, त्याची रीत राहते, आणि तिच्यावर चार ओळी लिहितां येतात.

आणि महाराष्ट्रांतील हजारों घरांत बाळापूर हें नांव कशामुळें ठाऊक आहे म्हणाल तर तें जयसिंगामुळें नव्हे. दासगणूंनीं १९३९ सालीं रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथांत बाळापूरच्या बाळकृष्ण नांवाच्या रामदासी गृहस्थाची कथा आहे. दरसाल बायकोसह सज्जनगडची पायीं वारी करणारा हा म्हातारा थकला, तेव्हां दासनवमीच्या दिवशीं त्याच्या घरीं शेगांवचे गजाननमहाराज समर्थांच्या रूपानें उभे राहिले, असें त्यांत वर्णिलें आहे. कथेंतील चमत्कार कोणी मानो वा न मानो. पोथी वाचणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांच्या मनांत बाळापूर आहे तें या दारापाशीं. कोशानें श्रद्धेची ग्वाही देऊं नये, पण श्रद्धेनें एका गांवास दिलेलें स्थान नोंदविण्यास कसलीच आडकाठी नाहीं. निजामाची लढाई आणि बाळकृष्णबुवांची दासनवमी या दोहोंस एकाच पानावर जागा देईल तीच बाळापूरची नोंद पुरी झाली, असें आम्ही म्हणूं.

महाजालावरील कोशावर आम्हीं इतकी टीका केली ती त्याच्या द्वेषानें नव्हे. छापील खंडांतली चूक पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बसते, आणि मराठींत पुढची आवृत्ति ही बहुधा केवळ कल्पनाच असते. येथें तसें नाहीं. प्रत्येक लेखामागें ‘इतिहास’ म्हणून एक पान आहे; कोणी, केव्हां, कोणता शब्द घातला अगर काढला याची तेथें तारीखवार नोंद असते. शेजारीं ‘चर्चा’ म्हणून दुसरें पान असतें, तेथें शंका मांडतां येते. केतकरांच्या हातीं असें साधन असतें तर त्यांनीं त्याचा काय उपयोग केला असता, हें मनांत आणून हेवा वाटतो. इतकें असून छोट्या गांवांचीं हीं चर्चेचीं पानें बहुतेक कोरीं असतात. शंका येणाऱ्यास लिहावयाचें सुचत नाहीं, व लिहिणाऱ्यास शंका येत नाहीं.

आझमशहाचें १७२१ खोडावयास पांच मिनिटें पुरतील. त्या जागीं काय लिहावें हें ठरविण्यासाठीं मात्र किल्ल्याच्या दारावरचा लेख कोणीतरी नीट वाचला पाहिजे, हिजरी साल ताडून पाहिलें पाहिजे, आणि लेखाचें स्वच्छ छायाचित्र नोंदीस जोडलें पाहिजे. बाळापुरांत उर्दू शिकविणारे शिक्षक आहेत, फारशी अक्षर ओळखणारीं वृद्ध माणसें अजून असतील, आणि अकोल्याहून तेथें जावयाला पाऊण तास पुरतो.